हलकी गाडी

ऑनलाइन मोटार शर्यतींच्या लीगमध्ये जिंकणाऱ्याच्या गाडीवर वजन चढवायचं आणि मागे पडणाऱ्याची गाडी हलकी करायची, हे काम संयोजकाकडे होतं. 'गोगलगाय' नावाने खेळणारी बाई मात्र गाडी कितीही हलकी केली तरी शेवटचीच यायची. आपल्या हातून न्याय होत नाहीये, ही रुखरुख त्याला स्वस्थ बसू देईना. शेवटी न राहवून त्याने फोन लावला.

"ताई, आणखी वजन काढू का?"

"नको हो! आधीच ब्रेक दाबून दाबून पाय भरून येतो."

"म्हणजे मुद्दाम मागे राहता?"



"माझ्यापुढे आमचा दादा असतो. मागून ट्रकने ठोकल्यापासून त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता मागे मीच आहे म्हटल्यावर चालवतो."