पंखांची एकच जोडी

नरहरपंत वखारीच्या काट्यावर तिसऱ्यांदा चढले आणि तरीही चार शेर जास्तच भरले. द्वारकेला आता बघवेना. पंधरा दिवस नवऱ्याचे उपास चालले होते. मुलगा देवधर्माला लागला म्हणून सासूबाई खूश होत्या. उपास विमानासाठी आहेत, हे एकट्या द्वारकेला ठाऊक होतं.

१९११ साल होतं. वर्तमानपत्रातल्या बहुतेक विमानांना एकावर एक असे दोन मजली पंख असायचे. नरहरपंतांनी मात्र स्वतः बांधलेल्या विमानाला पंखांची एकच जोडी लावली होती. ओझं कमी असलं तर एवढ्यावरही उडेल, असा त्यांचा हट्ट होता आणि गावात त्याची थट्टा.

दुसऱ्या दिवशी माळावर इंजिन घरघरू लागलं. नरहरपंतांनी चढायला पाय उचलला आणि भोवळ येऊन ते खालीच बसले. वारा वाढत होता. पेट्रोल आजच्यापुरतंच होतं. रोज संध्याकाळी ते पंखांच्या तारा ताणून बघत, तेव्हा आत विमान वळवायचा दांडा धरून द्वारकाच बसायची. तिने पदर कमरेला खोचला.

“अहो, बाजूला व्हा,” म्हणाली आणि चढली.

चाकं जमिनीवरून सुटली. विमान बाभळीच्या शेंड्यावरून गेलं आणि ओढ्यापलीकडे जाऊन टेकलं.

नरहरपंत धापा टाकत पोचले. “उडालं गं. कसं वाटलं? सांग की.”

तिचे हात दांडा सोडायला तयार नव्हते.

“उद्यापासून तुम्ही दोन्ही वेळ पोटभर जेवा,” ती म्हणाली. “उपास आता मी धरते.”