धावपट्टीची तहान

औषधं घेऊन कॅप्टन मृण्मयी सबनीस वाळवंटात उतरली, तेव्हा विमानाला साधा हादराही बसला नाही. परवाच तर बॉम्बने या धावपट्टीला विहिरीएवढा खड्डा पाडला होता! धावपट्टीतले जिवाणू पाणी पाजलं की वाळू सांधून जखम भरतात, हे तिला ठाऊक होतं. पण एवढं पाणी?

"कुठून आणलंत, बाबा?" तिने धावपट्टी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या हमदानला विचारलं.

"गावाने दोन दिवस घोटभर पाण्यावर काढले, पोरी." त्याने भरलेला पेला पुढे केला. "हा पाहुण्याचा वाटा. याला कुणी हात लावला नाही."

तिचे डोळे भरून आले. तिने एकच घोट घेतला आणि वाकून उरलेलं पाणी धावपट्टीच्या ताज्या खपलीवर ओतलं. मागून गावासाठी पाणी घेऊन येणारं विमान इथेच उतरायचं होतं.