वरची चूल

पाइपलाइन टाकायच्या आधी जमिनीखाली जुनं काय आहे ते बघायला मी चितेगावच्या माळावर गेलो. तिथं एकच पाल होतं, मेंढरंवाल्या बानाबाईचं.

"वस्ती नाही, असं लिहून टाका," इंजिनिअर म्हणाला. "हे लोक आज इथं, उद्या तिथं. उद्याच उठवतो त्यांना."

खरं सांगतो, मी तेच लिहिणार होतो.

"आमी हरसाल इथंच उतरतो," बानाबाई भाकरी थापत बोलली. "माझी आजेसासू बी ह्याच जागंवर चूल मांडायची. खण तू. मी हलत नसते."

तिच्या चुलीला खेटूनच खड्डा घेतला. हातभर खाली राख निघाली आन् तीन काळे दगड. आणखी हातभर खाली परत राख, परत तीन दगड, आन् खापरं. खापरं चारशे वर्षांची तरी असतील.

इंजिनिअर तणतणला, "मेलेल्यांच्या चुली त्या! आज कोण राहतंय इथं?"

बानाबाईनं माझ्या हातावर गरम भाकरी ठेवली. "सांग बाबा ह्यायला."

वस्तीच्या रकान्यात मी लिहिलं: चुली तीन. खालच्या दोन विझलेल्या. वरची चालू आहे, भाकरी खाऊन खात्री केली.