सालपटांचं पाणी

मातेओने ओझं पेलणारा कपाळावरचा पट्टा सैल केला आणि पाठीवरचं मडकं चुलीजवळ अलगद टेकवलं. घर तो मागणी घालायला आला होता त्या मुलीचं होतं. मुलीचा बाप आगुस्तिन ठोकळ्यावर बसला होता. त्याने मडक्याकडे पाहिलं, पावाच्या टोपलीकडे पाहिलं, मांसाच्या पुडक्याकडे पाहिलं आणि मग दारातून बाहेर, धुक्यात उतरणाऱ्या वाटेकडे बराच वेळ पाहत राहिला.

“बाकीचं मागून येतंय वाटतं?”

बोलणी करायला आलेला मातेओचा काका, सल्वादोर, टोपीच्या काठाचा सुटलेला धागा ओढू लागला. येताना अख्ख्या चढावर त्याचं एकच पालुपद होतं. “वहिनी, मागणी घालायला जायचं आणि गोड सोड्याच्या बाटल्यांचा एक क्रेट नाही? सालपटांचं पाणी घेऊन गेलो तर अंगावर कुत्री सोडतील.” तेव्हा मातेओची आई दोमिंगा फणकाऱ्याने म्हणाली होती, “सोडू देत. कुत्र्यांनाही पाजीन.”

आता मात्र ती मडक्यावरचं फडकं उगाच सारखं करत होती.

“बाकीचं काही नाही, आगुस्तिनदादा,” ती म्हणाली. “जे आहे ते या मडक्यात आहे.”

मागणीच्या बोलण्यात बाईने तोंड उघडायचं नसतं. सल्वादोरने मागून तिचा लोकरीचा परकर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

“काय आहे त्यात?”

“अननसाची सालं, दालचिनी, थोडा गूळ. तीन दिवस मुरवलंय.”

आगुस्तिन हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. “माझ्या थोरलीच्या वेळी या दारात सहा क्रेट उतरले होते. अजून शेजारी आठवण काढतात. बाटली उघडली, चार घोट घेतले, ढेकर आला, पोटातलं वाईट बाहेर पडलं, मग शब्द पक्का. आमच्या बापजाद्यांपासून...”

“बापजाद्यांच्या वेळी बाटल्या कुठे होत्या?”

“वहिनी!” सल्वादोर कुजबुजला.

“बोलू द्या भावोजी. एकदाच बोलते.” दोमिंगाने खांद्यावरच्या शालीचं, रेबोसोचं, टोक हातात घट्ट धरलं. “मातेओच्या बापाला मी माझ्या हाताने बाटल्या उघडून दिल्या. सकाळी एक, शेतावर दोन, रात्री एक. त्या साखरेने आधी त्याच्या पायाचं बोट कापावं लागलं, मग पाय. मग तोच गेला. तुमची पोर मला सून म्हणून हवी आहे, दादा. पण तिच्या पाठोपाठ ती बाटली मी माझ्या घरात येऊ देणार नाही. मग तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.”

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. ते बोलताना मातेओचा चेहरा कसा पडला, ते तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला ते पूर्ण करवलं नसतं.

“माझ्या घरात येऊन मलाच शिकवतेस?” आगुस्तिन उठून उभा राहिला.

तेवढ्यात त्याची बायको लुसिया उठली. सकाळपासून ती मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापत बसली होती. तिने हात परकराला पुसले, खुंटीवरचा भोपळ्याचा कटोरा काढला, मडक्यावरचं फडकं बाजूला सारलं आणि कटोरा बुडवला. पुरुषांच्या आधी, सगळ्यांच्या देखत, ती उभ्यानेच प्यायली.

“गोडी कमी आहे,” ती म्हणाली.

“हो,” दोमिंगा म्हणाली.

“आंबट आहे.”

“आहे.”

लुसियाने कटोरा पुन्हा बुडवला, तोही संपवला. तिसऱ्यांदा भरला आणि नवऱ्यासमोर धरला. “घ्या. क्रेट आठवणारे शेजारी तुमच्या पोरीला नांदवायला येणार नाहीत. आणि तुमच्याही पायाच्या बोटाची जखम गेल्या महिन्यापासून बरी होत नाहीये. मला काय दिसत नाही?”

आगुस्तिनने नकळत डावा पाय मागे घेतला. मग त्याने कटोरा घेतला आणि कडू औषध घ्यावं तसा एका दमात रिकामा केला.

फेस त्याच्या नाकात गेला. डोळ्यांत पाणी आलं. तो खोकला, छातीवर हात ठेवून थांबला आणि त्याने असा दणदणीत ढेकर दिला की बाहेरच्या कोंबड्या पंख फडफडवत पळाल्या.

“गेली!” सल्वादोर ओरडला. “इडापिडा गेली! आता मला द्या. मला तर चढ चढल्यापासून तहान लागलीय.”

लुसिया पहिल्यांदा हसली. आगुस्तिनही मिशा पुसत खाली बसला. “आत्ता बोला,” तो म्हणाला, “लग्न मक्याच्या काढणीआधी की नंतर?”

बोलणी दुपारपर्यंत चालली. दोमिंगा भिंतीला टेकून ऐकत होती, पाय सैल सोडून, कितीतरी दिवसांनी. मडकं तळाला लागलं तशी आतल्या खोलीतून, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती, वेरोनिका आली आणि उरलेली सालं कोंबड्यांना टाकायला उचलू लागली.

“टाकू नकोस गं,” दोमिंगा म्हणाली. “थोडा गूळ घाल, पाणी ओत. अजून एकदा होतं.”

मुलीने मान डोलावली. पाणी ओतलं, गूळ फोडून घातला, फडकं बांधलं.

“आई, मग मडकं?” मातेओने विचारलं. “न्यायचं ना?”

“आता कसं नेणार? राहू दे. तीन दिवसांनी येऊन घेऊन जा.”

वेरोनिकाने मान वर केली नाही. मडकं दोन्ही हातांनी सरकवत तिने विस्तवाच्या अगदी जवळ नेलं.

“इथे ठेवलं,” ती मडक्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, “तर दोनच दिवसांत होईल.”