भिंतीवरची गोपिकाबाई

शाळेच्या भिंतीवर कोळशाने चित्र काढलं म्हणून दामिनीला मी एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता तीच दामिनी आमच्या वस्तीची लांबच लांब भिंत रंगवत होती, आणि रंग महापालिकेने दिले होते. खर्रा खाऊन सगळे त्याच भिंतीवर थुंकायचे. त्यावर आमच्याकडचा उपाय ठरलेला आहे, तिथे देवांची चित्रं लावायची. दामिनीने मात्र रस्ता झाडणाऱ्या गोपिकाबाईंचा चेहरा काढायला घेतला होता, चांगला पुरुषभर उंच.

वर्गात समजवायचो तसं मी तिला शांतपणे समजावलं, "चित्र सुंदर होतंय बेटा, पण इथे देव काढ. देवावर कोणी थुंकत नाही. हा चेहरा दोन दिवसांत लाल होईल."

"काहून सर? मावशीच्या तोंडावर थुंकतील लोक?"

"तू अजून लोकांना ओळखत नाहीस."

दामिनीने ब्रश खाली ठेवला आणि माझ्या मागे पाहिलं. मीही वळलो. आपलं चित्र पाहायला गोपिकाबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला मान वर करवेना.

त्याच म्हणाल्या, "काढू द्या तिले, गुरुजी. थुंकले त थुंकले. इतके वर्षं ही भिंत मीच त धुऊन राहिली. आता आपलं तोंड धुईन."