बटणावरचं बोट

"आलं हो ताई, एकदाचं आलं!" महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणारं घोटभर द्रवरूप हेलियम तंत्रज्ञाने गाड्यावर घालून, तान्हं बाळ आणावं तसं ताईंच्या प्रयोगशाळेत आणलं. आनंदाच्या भरात, गाडा लोखंडी आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. भल्यामोठ्या चुंबकाने गाडा खेचला आणि मधे त्याचा हात चेंगरला.

लाल बटण दाबलं तरच चुंबकाची पकड सुटणार होती. पण मग चुंबकाला गार ठेवणारं, त्याच्या पोटातलं सगळं हेलियम उडून जाणार होतं. ताईंनी बटणावर बोट ठेवलं.

"नका दाबू!" तो कळवळला. "पुन्हा कुठून आणायचं?"

ताईंनी दाबलं. पांढरी वाफ भसाभसा निघून गेली. हात सुटला.

"अरे वेड्या, तुझ्या हातापुढे हेलियम कसलं घेऊन बसलास!" त्या म्हणाल्या.

तो 'नका दाबू' म्हणाला तेव्हा, क्षणभर, त्यांना हायसं वाटलं होतं.