तपकिरी दोरा

हत्तीचा दुसरा कान शिवायला ती मशीनवर बसली आणि पहिल्याच टाक्याला खालून दोरा तपकिरी आला.

फेल्टचा हत्ती करडा, वरचा दोरा करडा. बॉबिनमध्येही काल तिने स्वतःच्या हाताने करडाच भरला होता. तिने बॉबिन काढून उजेडात धरली. कुणीतरी मशीन वापरलं होतं. वरचा दोरा आठवणीने पुन्हा करडा ओवला होता आणि खालचा बदलायचा राहिला होता. चोर शहाणा होता, पण अर्धवट.

तिच्या मशीनला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. शेजारणीला ती एक वेळ घराची किल्ली देई, मशीन नाही. संशयाची सुई आधी सुनेकडे वळली, सवयीने.

"माझ्या मशीनवर कोण बसलं होतं?"

सून ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. "आई, मला सुईत दोरा ओवता येत नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगत असता."

ते खरं होतं. सून चपला घालून निघूनही गेली. मुलगा महिनाभर परगावी. उरले नवरोबा.

नवरोबा खिडकीशी पेपर वाचत होते, आणि चांगला अर्धा तास त्यांनी पान उलटलं नव्हतं. आता तिला एकेक आठवायला लागलं. लेकीचे दिवस भरत आले होते, सोमवारी तिला लेकीकडे जायचं होतं. बाळाचं टोपरं विणून झालं होतं, मोजे झाले होते, एवढा हत्ती उरला होता. जायच्या आधी तुमच्या दोन पँटी शिवून ठेवते, उभे राहा, माप घेते, असं ती आठवडाभर त्यांच्या मागे लागली होती. दर वेळी काहीतरी निमित्त निघे. पाय दुखतोय. आत्ताच जेवलोय. जुनंच माप धर, वहीत आहे ना.

वहीत होतंच. घरातल्या सगळ्यांची मापं त्या वहीत होती. ती टेप लावून आकडा सांगायची, ते लिहायचे, कारण अक्षर त्यांचं चांगलं. मुलांच्या मापापुढे तारीख असे, पोरं वाढतात म्हणून. मोठ्यांच्या मापाला तारीख नाही. आपण आता आहोत तेवढेच राहणार, असं म्हणून त्यांनीच ती पद्धत पाडली होती.

तपकिरी दोरा. तपकिरी म्हणावं असं घरात एकच होतं आणि ते गॅलरीत दोरीवर वाळत होतं.

तिने त्यांची पँट खाली ओढली आणि उलटी केली. कमरेच्या मागच्या शिवणीवर तिची स्वतःची टीप होती, सरळ, बारीक. तिच्या आत एक दुसरी टीप होती, वेडीवाकडी. तिच्याही आत तिसरी. मशीनवर शिवणारं माणूस टीप संपताना मागे-पुढे दोन टाके घालतं. इथे दोन्ही टिपांच्या शेवटी चक्क गाठ मारली होती, तीन वेढ्यांची, घट्ट. ज्याने तीस वर्षं गोदामात पार्सलं बांधली त्याच्या हातची गाठ. ती या घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

रोज सकाळी ती भाजीला जाई तेवढ्या वेळात हा उद्योग चालला होता तर.

"अहो, उभे राहा."

"आत्ता? एवढी बातमी तरी..."

"उभे राहा म्हणते ना."

त्यांनी तिच्या हातातली पँट पाहिली. पेपरची नीट घडी केली आणि उभे राहिले. शर्ट बाहेर सोडलेला, त्यावर जाड जाकीट, तेही भर उकाड्यात. या वयात फॅशन सुचते म्हणून तिने दोन महिने त्यांची थट्टा केली होती. ते आठवून तिला आता स्वतःचाच राग आला.

"कधीपासून?"

"झाले तीन महिने." मग म्हणाले, "डॉक्टरांना दाखवलंय. काही तपासण्या सांगितल्यात. तू बाळंतपण उरकून आलीस की करणार होतो. पोरीला गरज आहे गं तुझी."

"आणि हे कुणी ठरवलं?"

"मीच."

"फार ठरवता तुम्ही." तिला ओरडायचं होतं, पण ती घाबरली होती. "तपासण्या उद्या करायच्या. सोमवारचं सोमवारी बघू."

"पोरीला मात्र..."

"पोरीला काय सांगायचं ते मी बघते. जाकीट काढा."

त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं. टेबलावरची वही ओढली, आपलं पान काढलं, छत्तीस खोडलं आणि तिने टेप उलगडायच्या आधीच शेजारी सुरेख अक्षरात तेहतीस लिहिलं.

"मोजायला नको," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यातच मोजलंय."

तिने तरी टेप लावली. दोन्ही टोकं पोटापाशी जुळवली, वाकून आकडा पाहिला. टेप सोडली, पुन्हा लावली, बोटाने दाबून धरली.

"तेहतीसच ना?"

त्यांच्या हातातली पेन्सिल तिने काढून घेतली. तेहतीस खोडून तिच्या त्या गिचमीड अक्षरात बत्तीस लिहिलं आणि पुढे आजची तारीख घातली.